रीडर नावाचं गोदाम

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये काय काय शिकवतात? संशोधन पद्धती, नमुना निवड, संदर्भ द्यायच्या पद्धती, वाङ्मयचौर्य म्हणजे काय, आणि जमलंच तर एसपीएसएसचा एखादा तास. पण पुढची चार-पाच वर्षं ज्या एका खिडकीत डोळे घालून बसायचं असतं, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ती खिडकी म्हणजे पीडीएफ रीडर. संगणकात जो असेल तो, दुकानदाराने टाकून दिला असेल तो, असं आपण धरून चालतो. पेनाच्या बाबतीत आपण इतके बेफिकीर नसतो.

आज त्या रीडरची थोडी हजेरी घ्यायची आहे. ‘टेक्निकल’ म्हणून ही पोस्ट सोडून देऊ नका, कारण शेवटी गाडी आपल्या मराठीवर आणि तुमच्या होऊ घातलेल्या प्रबंधावर येऊन थांबणार आहे.

आधी माझं वाचन काय असतं ते सांगते, म्हणजे तक्रार समजेल. माझा विषय चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जंगलांवरचे हक्क. त्यासाठी जे लागतं ते जवळजवळ सगळं पीडीएफमध्येच भेटतं. १९०९ सालचं चांदा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर, त्याच्या आधीचे जमीन महसूल बंदोबस्ताचे अहवाल, रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड, वनविभागाच्या कार्य आयोजना, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, शासन निर्णय, शोधगंगेवरचे प्रकरणागणिक तुकडे केलेले प्रबंध. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरचे कागद. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून या विषयावर जे अहवाल निघत गेले त्यांची तर मोजदादच नाही. हे सगळं मी काही कुठल्या लखलखीत ग्रंथालयात बसून वाचत नाही. घरच्या संगणकावर वाचते. चार जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८ चा पडदा. त्यावरच भावाचे ऑनलाइन फॉर्म भरले जातात, बाबांचे सातबारे निघतात. चंद्रपूरचा मे महिना असला की पंखा आधी संगणकाकडे वळवावा लागतो, मग माणसांकडे.

गेल्या काही वर्षांत या संगणकावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे फुकटातले मोठे रीडर राहून गेले. त्यांची नावं घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण तिघांची लक्षणं एकच. फाइलवर दोनदा क्लिक करायचं आणि चहाचं आधण ठेवून यायचं. परत आल्यावर फाइल दिसेलच असं नाही. आधी कंपनीचा झेंडा दिसतो, मग ‘साइन इन करा’, मग ‘या आवृत्तीत नवीन काय’ याची सहल. ती बंद केली की उजवीकडे अवजारांची एक पट्टी उघडलेली, डावीकडे पानांच्या चित्रांची दुसरी, वर बटणांच्या दोन ओळी. आपल्या पडद्याची उंचीच मुळात ७६८ बिंदू. एवढा सरंजाम मांडून झाल्यावर मधे जी पोकळी उरते तिच्यात गॅझेटिअरचं पान पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. पट्टी बंद करा, दुसरी फाइल उघडा, पट्टी पुन्हा हजर. बाप्पा, आम्हाला फक्त वाचायचं आहे!

त्या पट्टीवरची निम्मी अवजारं तर आपली नसतातच. ‘वर्डमध्ये बदला’, ‘पानं जोडा’, ‘संपादन करा’ असं ठळक लिहिलेलं असतं. दाबलं की पैशांची खिडकी उघडते. म्हणजे आपल्या पडद्याची जागा, आपली रॅम आणि आपली वीज वापरून आपल्यालाच जाहिरात दाखवली जाते.

आणि अपडेट! शहरात फायबर असणाऱ्यांना हे दुखणं कळत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा मिळतो. त्यातले काही शे एमबी रीडरने सकाळीच न विचारता खाल्ले तर दुपारी शोधगंगेवरून प्रकरण उतरवायला काय उरणार? भामरागड-एटापल्लीकडच्या कुणाला हे विचारा. तिथे आधी नेटवर्कच शोधावं लागतं, आणि सापडलेलं नेटवर्क कशावर खर्च करायचं हा निर्णय रीडर बनवणाऱ्या कंपनीने घ्यावा, हे काही पटत नाही.

आता हे असं का झालं, हा खरा प्रश्न. ‘कंपन्या लबाड असतात’ एवढ्यावर थांबलं तर संशोधक कशाला व्हायचं.

पीडीएफची मूळ कल्पना फार साधी आणि सुंदर होती. ॲडोबीचे सहसंस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाने एक आराखडा मांडला. त्याचं सार इतकंच की एका संगणकावर तयार केलेला कागद दुसऱ्या कुठल्याही संगणकावर आणि कुठल्याही प्रिंटरवर जसाच्या तसा दिसला पाहिजे, मग तिथे तो फाँट असो वा नसो. १९९३ मध्ये ॲक्रोबॅट बाजारात आलं. गंमत म्हणजे सुरुवातीला नुसता वाचायचा रीडरही विकत होता. पण वाचायलाच पैसे लागले तर कागद पाठवणार कोण आणि कुणाला? म्हणून लवकरच रीडर फुकट झाला, आणि तिथून पीडीएफ जगभर पसरला. २००८ मध्ये तर तो ‘आयएसओ ३२०००’ या क्रमांकाचं खुलं आंतरराष्ट्रीय मानक झाला. म्हणजे त्याचा रीडर कुणीही बनवू शकतं, कुणा एकाची परवानगी लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फुकट झालेल्या वस्तूचा खर्च मात्र कुठून तरी निघावा लागतो. वाचणं ही गोष्ट एकदा नीट जमली की त्यात दर वर्षी नवं काय विकणार? मग बाकीचं येत गेलं. भरता येणारे फॉर्म आले, फॉर्मांसाठी जावास्क्रिप्ट आली, त्रिमितीय आकृत्या आल्या, चित्रफिती आल्या, २००८ च्या रीडर ९ मध्ये तर फ्लॅशसुद्धा पोटात आलं. कागद म्हणून जन्मलेली वस्तू हळूहळू प्रोग्रॅम चालवू लागली. आणि जिथे प्रोग्रॅम चालतो तिथे चोरही येतो. त्या काळात पीडीएफमधून व्हायरस पसरवणं हा मोठा धंदा होऊन बसला. मग त्यावर उपाय म्हणून २०१० च्या रीडर टेनमध्ये ‘प्रोटेक्टेड मोड’ आला, म्हणजे रीडरला एका बंद पेटीत चालवायची व्यवस्था. व्यवस्था चांगली आणि गरजेचीही, पण तिचंही ओझं संगणकावरच. आधी घराला दहा दारं पाडायची आणि मग प्रत्येक दारावर चौकीदार बसवायचा, असा हा हिशेब.

त्याआधीचा एक नमुना मला फार बोलका वाटतो. रीडर उघडायला वेळ लागतो ही ओरड वाढली तेव्हा ‘स्पीड लाँचर’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्याच्यासोबत येऊ लागला. विंडोज सुरू होतानाच तो गुपचूप सुरू व्हायचा आणि रीडरचे काही भाग आधीच तयार करून ठेवायचा, म्हणजे तुम्ही क्लिक केल्यावर रीडर ‘चपळ’ वाटावा. म्हणजे वेळ वाचला नाहीच, रीडर उघडतानाचा वेळ संगणक उघडतानाच्या वेळात ढकलला. त्या दिवशी तुम्ही एकही पीडीएफ उघडणार नसाल तरी भुर्दंड ठरलेला. आजच्या कितीतरी सॉफ्टवेअरांनी हीच युक्ती उचललेली दिसेल. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ची यादी उघडून बघा.

अलीकडची पायरी आणखी पुढची. २०२१ पासून विंडोजच्या ६४ बिटवर ॲडोबीचा फुकट रीडर आणि विकतचं ॲक्रोबॅट हे एकच सॉफ्टवेअर झालं आहे. परवाना असेल तर सगळं उघडतं, नसेल तर तोच सांगाडा रीडर म्हणून चालतो. कंपनीच्या बाजूने यात सोय आहे, दोन वस्तू सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणं बरं. पण घरच्या संगणकाच्या बाजूने बघा: एक खोली भाड्याने हवी होती, अख्खी इमारत आपल्या अंगणात आणून उभी केली आणि बाकीच्या खोल्यांना कुलूप. त्यात २०२४ पासून दस्तऐवजाचा सारांश करून देणाऱ्या एआय साहाय्यकाची भर पडली. त्याच्या बऱ्यावाईटावर वेगळं लिहावं लागेल. पण संशोधन शिकणाऱ्याने स्वतः वाचायच्या आधीच कोपऱ्यातून ‘मी सांगू का थोडक्यात?’ असं कुणी विचारत राहणं, हे मला परीक्षेत शेजारच्याने वही सरकवण्यासारखं वाटतं.

निकलाउस विर्थ हे नाव संगणकशास्त्रवाल्यांना माहीत असेल. पास्कल भाषा त्यांची. १९९५ मध्ये त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा एक लेख लिहिला. यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं, हे त्यातलं म्हणणं आज ‘विर्थचा नियम’ म्हणून ओळखलं जातं (ते स्वतः याचं श्रेय मार्टिन रायझर यांना देत). ग्राहकाला अत्यावश्यक काय आणि असलं तर बरं काय, यातला फरक पुसला गेला की सॉफ्टवेअर सुटतं, असं त्यांचं निदान. तीस वर्षं झाली, रीडरला ते आजही शब्दशः लागू पडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: नवा संगणक घ्या, एसएसडी टाका. एसएसडी टाकलीत तर फरक पडतो, हे खरंच आहे. पण हे उत्तर देणारा बहुतेक वेळा ज्याला फेलोशिप मिळते तो असतो. गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात, म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, तासिका तत्त्वावर शिकवत, घरची शेती बघत पीएच.डी. करणारे किती आहेत हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आणि १९०९ सालचं छापील पान दाखवायला २०२५ सालचं यंत्र का लागावं, या प्रश्नाला ‘नवा घ्या’ हे उत्तर नाहीच मुळी.

इथवर सगळं जगाचं दुखणं झालं. आपलं खास दुखणं आता सुरू होतं, आणि माझा खरा राग इथे आहे.

एक प्रयोग करा. मराठीतली एखादी जुनी पीडीएफ उघडा. शासकीय अहवाल चालेल, शोधगंगेवरचा मराठी प्रबंध तर उत्तमच. त्यात समोर डोळ्यांना दिसणारा एक शब्द शोधाच्या चौकटीत टाइप करा, समजा ‘विदर्भ’. पुष्कळदा रीडर सांगतो, सापडला नाही. शब्द समोर आहे, मोठ्या अक्षरात आहे, शीर्षकात आहे, आणि शे-दोनशे कामं करणाऱ्या त्या गोदामाला तो दिसत नाही.

का? तर पीडीएफ हा मुळात दिसण्याचा करार आहे, अर्थाचा नाही. फाइलीत ‘विदर्भ’ हा शब्द साठवलेला असतोच असं नाही. साठवलेलं असतं ते ‘या फाँटमधली अमुक क्रमांकाची आकृती अमुक जागी काढ’ हे. कुठली आकृती म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता फाइलीत सोबत द्यायचा असतो. तो तक्ता धड असेल तर शोध लागतो, कॉपी होते. इंग्रजीत हे सोपं आहे, एक अक्षर म्हणजे बहुधा एक आकृती, डावीकडून उजवीकडे. देवनागरीत तसं नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण कागदावर आधी काढली जाते. रफार उच्चारात आधी येतो पण काढला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षराची तर एकच स्वतंत्र आकृती असू शकते. त्यामुळे फाइल बनवताना काळजी घेतली नसेल तर कॉपी केलेला ‘विदर्भ’ नोटपॅडमध्ये ‘िवदभर्’ होऊन पडतो आणि ‘चंद्रपूर’मधला ‘द्र’ गायब होऊन नुसतं ‘चं पूर’ उरतं. शोधाच्या चौकटीत तुम्ही शुद्ध ‘विदर्भ’ लिहिता, आणि रीडर त्याची तुलना त्या मोडक्या ‘िवदभर्’शी करत बसतो. कसा सापडणार?

ही झाली युनिकोडमधल्या फाइलींची गत. युनिकोडच्या आधीच्या फाँटांची याहून वाईट. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यांवर आपल्याकडचे छापखाने, झेरॉक्सवाले आणि डीटीपीवाले कितीतरी वर्षं चालले, अजूनही चालतात. या फाँटांत देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असतात. कृतिदेवमध्ये ‘भारत’ लिहिलं की संगणकाच्या लेखी ती एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं असतात. पडद्यावर भारत, पोटात भलतंच. अशा प्रबंधात ‘वनहक्क’ शोधणं म्हणजे तेंदूपानाच्या पुड्यात मोहाचं फूल शोधणं.

तिसरी जात स्कॅनची. तिथे अक्षरंच नाहीत, नुसता फोटो. त्यावर ओसीआर झालेलं असेल तर खाली एक अदृश्य मजकूर असतो, पण तो किती बरोबर याची खात्री नसते. आणि मजकूर बरोबर असला तरी जुनी नावं वेगळी असतात हे विसरू नका. १९६४ च्या सुमारापर्यंत चंद्रपूर हे ‘चांदा’ होतं, आणि गडचिरोलीचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आजच्याहून निराळं दिसतं. गडचिरोली जिल्हा झाला तो १९८२ मध्ये, १९०५ मध्ये झाली ती तहसील. ही अडचण रीडरची नाही, आपल्या अभ्यासाची आहे, पण शोध लागला नाही म्हणजे माहिती नाही असं समजणाऱ्या नव्या संशोधकाचा घात ती करू शकते.

आता न्याय म्हणून सांगते, फाइल कशी बनली यात रीडरचा दोष नाही. ‘िवदभर्’ हे पाप फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आणि बनवणाऱ्याचं. पण वेलांटीची जागा बदलते हे काही गुपित नाही, कोट्यवधी माणसं देवनागरीत लिहितात. शोधताना दोन्ही रूपं जुळवून बघणं, निदान ‘या फाइलीतला मजकूर शोधण्याजोगा नाही’ एवढं प्रामाणिकपणे सांगणं, हे त्रिमितीय आकृती फिरवण्यापेक्षा अवघड नव्हतं. त्याऐवजी ‘शोध पूर्ण, काही सापडलं नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. या ठामपणाचा मला राग येतो. सॉफ्टवेअर फुगलं ते आपल्यासाठी फुगलंच नाही. ज्या गोष्टींसाठी ते जड झालं त्यांतली एकही मराठी वाचणाऱ्याच्या कामाची नाही.

मग वापरायचं काय? लोक यादी मागतात, मी मतं देते.

विंडोजवर जुनं यंत्र असेल तर सुमात्रा पीडीएफ. क्षिश्तोफ कोवाल्चिक यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा मुक्त रीडर. उतरवायला दहा एमबीच्या आतबाहेर, पेनड्राइव्हवरून न बसवताही चालतो, फाइल कुठल्या पानावर सोडली होती ते लक्षात ठेवतो, आणि जुन्या स्कॅनांत भेटणाऱ्या डेजाव्हू फाइलीही उघडतो. दिसायला अगदीच साधा, जवळजवळ गावठी. मला तेच आवडतं. पान उघडतं आणि पडदाभर पानच असतं. अलीकडच्या आवृत्त्यांत हायलाइटची सोय आली आहे, पण गाईडने समासात टिपांचा पाऊस पाडला असेल तर तिथे हा रीडर तोकडा पडतो. मराठी शोधाचं मघाचं दुखणं इथेही सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

लिनक्स वापरणाऱ्यांना ओक्युलर किंवा एव्हिन्स आहेतच. ओक्युलरची टिपणं मला जास्त पसंत.

ब्राउझरमध्ये वाचणं हा दुसरा मार्ग. फायरफॉक्सचा पीडीएफ वाचणारा भाग २०१३ पासून त्यात आहे, क्रोममध्येही आहे. शासन निर्णय, आठ-दहा पानी लेख यासाठी पुरे. पण सहाशे पानांच्या स्कॅनवर ब्राउझर धापा टाकतो, आणि चुकून टॅब बंद झाला की वाचता वाचता आलेलं पान हरवतं.

झोटेरोबद्दल विचारणा नेहमी होते. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात स्वतःचा रीडर आहे आणि संशोधनासाठी तो खरोखर उपयोगी: रंगवलेली ओळ पानक्रमांकासकट टिपणात जाऊन बसते, पुढे संदर्भ देताना शोधाशोध नाही. दोन गोष्टी मात्र माहीत असू द्या. चार जीबीच्या यंत्रावर झोटेरो स्वतःही काही हलका नाही. आणि ती टिपणं झोटेरोच्या साठ्यात राहतात, मूळ फाइलीत नाही. मैत्रिणीला नुसती फाइल पाठवली तर तिला कोरी फाइल दिसेल, टिपणांसकट हवी तर वेगळी निर्यात करावी लागते.

फॉक्सिट? तो एके काळी जड रीडरला हलका पर्याय म्हणूनच लोकांनी डोक्यावर घेतला होता. पुढे तोही वाढत गेला. यातून मी इतकंच घेते की आजचा हलका रीडर उद्याही हलका राहील असं धरू नये. पीडीएफ हे खुलं मानक आहे म्हणून आपण रीडर बदलू शकतो, ही सवलत वापरत राहावी.

मोठा रीडर काढूनच टाका असं मी म्हणणार नाही. काही कामं तोच नीट करतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार उघडल्यावर स्वाक्षरीवर प्रश्नचिन्ह दिसतं, ते तपासून हिरवी खूण आणायची तर मोठा रीडर लागतो. काही जुने सरकारी फॉर्म, ज्यांना एक्सएफए म्हणतात, दुसऱ्या रीडरमध्ये ‘कृपया थांबा’ असा इंग्रजी निरोप दाखवून तिथेच अडकतात. ते तंत्र २०१७ च्या मानकात मोडीत काढलंय, तरी फॉर्म अजून भेटतात. आणि दृष्टिहीन मित्रमैत्रिणी स्क्रीन रीडरने वाचतात तेव्हा नीट खुणा केलेल्या पीडीएफची रचना उलगडून सांगण्यात मोठे रीडर पुढे आहेत, सुमात्रासारखे मागे. हा फरक लहान नाही. हलकेपणाची किंमत कधी कधी दुसऱ्याला मोजावी लागते.

तेव्हा मोठा असू द्या, पण पाहुण्यासारखा. रोजचा रीडर म्हणून दुसरा निवडा: फाइलवर उजवं क्लिक, ‘ओपन विथ’, आणि कायमसाठी तोच. मोठ्याला स्टार्टअपच्या यादीतून काढा. त्याच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा, वाचायला ती लागत नाही, एखादा फॉर्म अडला तर तेवढ्यापुरती चालू करता येते. अपडेट बंद करू नका, सुरक्षेचा प्रश्न आहे. चांगलं नेटवर्क असेल त्या दिवशी स्वतः चालवा.

आणि मराठी स्कॅन शोधण्याजोगं करायचं असेल तर टेसरॅक्ट. हे ओसीआर एचपी कंपनीत तयार झालं, २००५ मध्ये मुक्त झालं, आणि त्यात मराठीची सोय आहे. ओसीआरमायपीडीएफ हे अवजार त्याच्या मदतीने स्कॅनखाली मजकुराचा थर घालून देतं. जुन्या फाँटातल्या प्रबंधांवरही हाच उपाय चालतो: पोटातला भलता मजकूर बाजूला ठेवून पानाचा फोटो धरायचा आणि नव्याने ओळखायला लावायचं. पूर्ण शुद्ध निघत नाही, गावांची आणि माणसांची नावं हमखास बिघडतात. उद्धृत करताना डोळ्यांनी मूळ पानच बघायचं. जुन्या यंत्रावर शंभर पानांना बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपावं. मूळ फाइल मात्र जपून ठेवा, तिच्यावर प्रयोग नकोत.

आता तुमचा प्रबंध. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती शोधगंगेवर जाते. तुम्ही मराठीत लिहीत असाल आणि टायपिंगवाल्याने ते जुन्या फाँटात केलं, तर बाइंडिंग छान होईल, व्हायवा होईल, पदवीही मिळेल. पण पाच वर्षांनी सिरोंच्याचा किंवा कोरचीचा कुणी विद्यार्थी तुमच्याच विषयावर शोध घेईल तेव्हा तुमचं एक पानसुद्धा त्याच्या हाती लागणार नाही. म्हणून टायपिंग द्यायच्या दिवशीच सांगा, युनिकोडमध्येच पाहिजे. पहिलं प्रकरण हातात आलं की त्याची पीडीएफ करवून घ्या, तिच्यातून ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं असलेली एक ओळ उचला आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘ब्रह्मपुरी, चिमूर व गडचिरोली येथील वनविभागांची कार्य आयोजना’ असलं काही चालेल. जसंच्या तसं आलं तर पुढचं प्रकरण द्या. नाही आलं तर टायपिंगवाल्याकडे परत, पैसे चुकते करायच्या आधी.